मागे 'कुठलंही एचडीएमआय' लावू नका: असेम्बल पीसीला फोर-के मॉनिटर जोडण्याच्या पायऱ्या

मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते, म्हणजे डीटीपी. गेली कित्येक वर्षं २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर काम चाललं होतं. शब्दात 'ध' आहे की 'घ', 'ष्ट' आहे की 'ष्ठ', रफार नेमका कुठल्या अक्षरावर बसलाय, हे बघायचं तर पान दोनशे टक्के मोठं करायचं, बघायचं, परत लहान करायचं. दिवसातून शंभरदा. चष्म्याचा नंबर परत वाढला तेव्हा ठरवलं की आता २७ इंची फोर-के घ्यायचे, आणि घ्यायचेच तर दोन. एकावर पान, दुसऱ्यावर लेखकाचं मूळ.

पीसी भाच्याने सुटे भाग आणून जुळवून दिलेला. तो आता बंगळुरूला असतो. फोनवर म्हणाला, "मावशी, त्यात काय एवढं? मागे कुठलंही एचडीएमआय लाव."

त्या 'कुठलंही'ने माझे चार दिवस खाल्ले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. विंडोज ११ धरून लिहिलंय. लिनक्सवर सेटिंगच्या जागा वेगळ्या, पण केबल आणि पोर्टांचं गणित तेच.

हाताशी काय काय हवं

- ग्राफिक्स कार्डाचा आणि मदरबोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर. खोका सापडत नसेल तर बिल बघा.
- प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. ते अक्षर का महत्त्वाचं ते पुढे येईल.
- मॉनिटरच्या खोक्यातल्या सगळ्या केबली. थर्माकोलच्या खालीही एक पिशवी असते, ती राहून जाते.
- मोबाईलचा टॉर्च. कॅबिनेटच्या मागे भरदुपारीही अंधार असतो.
- चार पदरी चादर किंवा गोधडी, मॉनिटर पालथा ठेवायला.
- जुना, चालणारा मॉनिटर. नवे दोन नीट लागेपर्यंत तो कुणाला देऊन टाकू नका.
- मॉनिटरचं जीएसटी बिल, आणि खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ. ऑनलाइन घेतला असेल आणि पॅनेल फुटकं निघालं, तर विक्रेते बहुतेकदा पहिल्यांदा तोच मागतात.

१. आधी पीसीच्या पाठीमागे बसा

कॅबिनेटच्या मागे पोर्टांचे दोन वेगवेगळे गट असतात. वरचा, उभा गट मदरबोर्डाचा. त्यात यूएसबी, इंटरनेटची केबल, स्पीकरच्या रंगीत भोकांच्या शेजारी एक एचडीएमआय असतं. त्याच्या बरंच खाली, आडव्या पट्टीवर जे पोर्ट असतात ते ग्राफिक्स कार्डाचे. वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर मॉनिटर त्या खालच्या पट्टीवरच लावायचा.

मी अर्थातच वरच्याला लावला. तो दिसला पटकन. मॉनिटर म्हणाला, 'नो सिग्नल'. केबल बदलली, मॉनिटर बदलला, पीसी तीनदा बंद-चालू केला. अर्ध्या तासाने बिल काढून बघितलं तर प्रोसेसर आय५ १०४००एफ. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भागच नसतो, त्यामुळे मदरबोर्डावरचं एचडीएमआय म्हणजे नळ आहे पण पाइप नाही. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये ५६००सारख्या जुन्या, साध्या प्रोसेसरचंही तेच. ५६००जीमधल्या 'जी'ला मात्र स्वतःचं ग्राफिक्स असतं. रायझन ७००० मालिकेपासून बहुतेकांत थोडंफार ग्राफिक्स येऊ लागलं, 'एफ'वाले सोडून.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असलं तरी कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (विंडोज येण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करता येतं, पण कार्ड असताना त्या भानगडीत पडायचं कारण नाही.

आणि एक बारीक गोष्ट. नव्या कार्डाच्या पोर्टांवर काळ्या प्लास्टिकची टोपणं असतात. अंधारात ती पोर्टाचाच भाग वाटतात. माझ्या कार्डावर डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखंच, मॉनिटरला चित्र पाठवणारं दुसऱ्या प्रकारचं पोर्ट) आहे हे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं, कारण टोपण कुणी काढलंच नव्हतं. नखाने ओढलं की निघतं.

२. कार्डाला एवढं चित्र पेलवतं का?

इथे थोडं गणित करावं लागतं, पण एकदा समजलं की दुकानदार तुम्हाला फसवू शकत नाही.

फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. गुणाकार केला की ८२ लाख ९४ हजार ४००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. आणि हे अख्खं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचं. म्हणजे सेकंदाला साधारण १२ गिगाबिट, आणि मधल्या मोकळ्या जागांसकट थोडे जास्तच. आता ही वाट किती रुंद आहे ते बघा. हे आकडे प्रत्यक्ष चित्रासाठी उरणाऱ्या जागेचे आहेत. खोक्यावर याहून मोठा आकडा छापलेला असतो.

- एचडीएमआय १.४: सुमारे ८ गिगाबिट. फोर-के चालतं, पण सेकंदाला ३० वेळाच.
- एचडीएमआय २.०: सुमारे १४.४. फोर-के ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, बसतं, जेमतेम.
- डिस्प्लेपोर्ट १.२: सुमारे १७.३. ६० हर्ट्झला निवांत.
- डिस्प्लेपोर्ट १.४: सुमारे २५.९. १२० हर्ट्झपर्यंत.
- एचडीएमआय २.१: चाळीसच्या वर. गेम खेळणाऱ्यांनी हे बघावं. अक्षरांच्या कामाला ते लागत नाही.

३० हर्ट्झ म्हणजे नेमकं काय होतं? चित्र स्वच्छ दिसतं. फोटो सुंदर दिसतो. दुकानात दाखवताना काहीच कळत नाही. घरी येऊन माऊस हलवला की तो गुळातून चालल्यासारखा मागे मागे येतो, आणि पान सरकवताना ओळी फाटल्यासारख्या दिसतात. दोन तासांत डोकं धरतं.

तुमच्या कार्डाचं मॉडेल कंपनीच्या साइटवर टाका आणि दोन गोष्टी शोधा: पोर्ट कुठल्या आवृत्तीचे आहेत, आणि एका वेळी जास्तीत जास्त किती मॉनिटर चालतात. माझं कार्ड जीटीएक्स १६५०. एक एचडीएमआय २.०, एक डिस्प्लेपोर्ट १.४ आणि एक डीव्हीआय. डीव्हीआय आपल्या कामाचं नाही, ते २५६० गुणिले १६००च्या पुढे जात नाही. दोन फोर-के मॉनिटरवर अक्षरं दाखवायला एवढं कार्ड पुरेसं आहे. 'फोर-के घेताय, मग मोठं कार्ड घ्यावं लागेल' असं कुणी म्हणालं तर विचारा, गेमसाठी की टायपिंगसाठी? गेमला घाम फुटतो, टायपिंगला नाही.

जीटी ७१० सारखं अगदी जुनं कार्ड असेल तर मात्र थांबा. तिथे ६० हर्ट्झ मिळणार नाही.

कार्डच नसेल, चित्र मदरबोर्डावरूनच घ्यायचं असेल, तर बोर्डाचं मॅन्युअल उघडा. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या अनेक बोर्डांवर एचडीएमआय १.४ दर्जाचंच आहे. मॅन्युअलमध्ये रिझोल्यूशनच्या पुढे बारीक अक्षरात '३० हर्ट्झ' लिहिलेलं असतं. त्याच बोर्डावर डिस्प्लेपोर्ट असेल तर त्याच्यापुढचा आकडा वाचा, तो बऱ्याचदा ६० निघतो.

३. मॉनिटरलाही विचारा

मॉनिटरच्या मागे साधारण दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट असतात. काहींना यूएसबी-सी असतं. ते लॅपटॉपसाठी सोयीचं, पण असेम्बल पीसीच्या मागचं यूएसबी-सी पोर्ट बहुधा चित्र देत नाही, नुसता डेटा देतं. तेव्हा 'वन केबल सोल्यूशन' म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

फार लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे मॉनिटरचा स्वतःचा मेनू. खालच्या कडेचं बटण किंवा छोटी दांडी दाबली की तो उघडतो. काही मॉनिटरांत तिथे एचडीएमआयची किंवा डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोय असते, आणि जुन्या यंत्रांशी जमावं म्हणून ती कारखान्यातूनच खालच्या आवृत्तीवर ठेवलेली असू शकते. कार्ड बरोबर, केबल बरोबर, तरी ६० मिळत नाहीत, असं झालं की आधी तिथे बघा. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर हेच सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टासाठी वेगळं असतं आणि त्याचं नाव प्रत्येक कंपनी वेगळं ठेवते.

४. केबल: पैसे वाया जातात ते इथे

पहिला मॉनिटर खोक्यातल्या एचडीएमआय केबलने कार्डाला लागला, पहिल्या फटक्यात ६० हर्ट्झ. दुसऱ्यासाठी कार्डावर एचडीएमआय उरलं नव्हतं, फक्त डिस्प्लेपोर्ट. दुसऱ्या मॉनिटरच्या खोक्यातही एचडीएमआयच केबल. मग गेले तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात.

"दादा, एका बाजूला डिस्प्लेपोर्ट, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय हवंय."

"आहे ना ताई. फोर-के आहे, बघा, लिहिलंय वर."

लिहिलेलं होतं, आणि खोटंही नव्हतं. घरी लावली, फोर-के आलं, ३० हर्ट्झला. माऊस गुळात. त्या दिवशी मी आधी मॉनिटरला दोष दिला, मग विंडोजला, मग कार्डाला. केबलवर संशय शेवटी गेला, कारण तिच्यावर 'फोर-के' असं सोनेरी अक्षरात होतं.

झालं होतं असं. डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय या दोन वेगळ्या भाषा आहेत. स्वस्त केबल भाषांतर करत नाही. ती कार्डाला सांगते, तूच जरा एचडीएमआयमध्ये बोल. ते बोलणं बहुतेक वेळा एचडीएमआय १.४च्या वेगावर अडतं. खरं भाषांतर करणारी चिप ज्यात असते तिला 'ॲक्टिव्ह' म्हणतात. ती महाग असते आणि तिच्यावर 'फोर-के ६० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नुसतं 'फोर-के' लिहिलेलं असेल तर ३० समजा.

पण त्याहून साधा उपाय आहे: मधे भाषांतर येऊच देऊ नका. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टातून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात सरळ डिस्प्लेपोर्ट केबल टाका. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं आणि प्रश्न मिटला.

केबल घेताना आणखी हे सांभाळा:

- वर सांगितलेली केबल एकाच दिशेने चालते. डिस्प्लेपोर्टचं टोक पीसीकडे, एचडीएमआयचं मॉनिटरकडे. उलटी लावली तर काहीच येत नाही. पीसीकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट असं हवं असेल तर वेगळा ॲडॅप्टर लागतो, आणि बहुतेकदा त्याला यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते.
- '२.० केबल', '२.१ केबल' ही बोलायची भाषा झाली. एचडीएमआय केबलची अधिकृत नावं 'प्रीमियम हाय स्पीड' आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' अशी आहेत, अनुक्रमे १८ आणि ४८ गिगाबिटची. प्रमाणित केबलच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. फोर-के ६०ला पहिली पुरते.
- सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल वापरायचा मोह आवरा. ती लागते, चित्रही येतं, आणि मग मधेच दोन सेकंद पडदा काळा होतो. किंवा पडद्यावर पांढरे ठिपके चमकून जातात.
- लांबी दोन मीटरच्या आत ठेवा. पीसी टेबलाखाली असेल तर दीड मीटर आरामात पुरते.
- डिस्प्लेपोर्ट केबल अगदीच बिननावाची घेऊ नका. तिच्या २० नंबरच्या पिनेत ३.३ व्होल्टची वीज असते आणि ती तार केबलमध्ये जोडलेलीच नसायला हवी. काही स्वस्त केबलींत जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डाकडे जाते आणि पीसी नीट सुरूच होत नाही. हा बिघाड शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, कारण केबलवर कुणाचा संशयच जात नाही.

५. जोडण्याआधी अर्थिंग

हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं नसतं, पण आपल्याकडच्या जुन्या इमारतींत फार गरजेचं आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावल्यावर कधी मुंग्या आल्यासारखं झालंय? तसं होत असेल तर तुमच्या प्लगला अर्थिंग नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे.

कारण असं: पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये आवाज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, माणसाला झिणझिण्या येण्यापुरता. पण चालू पीसीला चालू मॉनिटरची केबल लावताना तोच करंट एचडीएमआयच्या बारीक पिनांतून वाट काढू शकतो, आणि कार्डाचं किंवा मॉनिटरचं पोर्ट कायमचं जातं.

तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. पीसी आणि दोन्ही मॉनिटर एकाच तीन पिनी बोर्डावर ठेवा. बोर्डात बसत नाही म्हणून जाड पिन कापणारे महाभाग असतात, त्यांना हात जोडा. आणि केबल लावताना सगळं बंद, स्विचसुद्धा.

यूपीएसचं म्हणाल तर असा मॉनिटर साधारण ३० ते ५० वॉट खातो. नेहमीच्या ६०० व्हीए यूपीएसवर पीसी आणि दोन मॉनिटर मिळून काम सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका म्हणजे झालं.

६. प्रत्यक्ष जोडणी

मॉनिटर गोधडीवर पालथा घाला. पडद्यावर बोटं टेकवून उचलू नका, कडेला धरा. स्टँड बसवा. केबली मॉनिटरला आत्ताच लावून घ्या, कारण त्याची पोर्ट खाली तोंड करून असतात आणि उभ्या मॉनिटरला लावताना मान मोडते.

डिस्प्लेपोर्टच्या टोकाला एक कोपरा तिरका कापलेला असतो. तो जुळला की 'टक' असा आवाज येऊन खटका बसतो. काढताना टोकावरचं बटण दाबून धरायचं. न दाबता ओढलं तर पोर्ट हातात येईल. काही कॅबिनेटांत ते बटण पत्र्याच्या बाजूला येतं आणि बोट शिरत नाही. पेन्सिलच्या मागच्या टोकाने दाबा.

मग आधी मॉनिटर चालू करा, नंतर पीसी. सुरुवातीचा कंपनीचा लोगो एकाच मॉनिटरवर येईल आणि दुसरा काळा राहील. घाबरू नका, विंडोज आलं की तोही जागा होतो.

मॉनिटर आर्मवर लावणार असाल तर मागची चार भोकं १०० गुणिले १०० मिलिमीटरची आहेत का ते बघा, आणि काचेच्या टेबलाला तो आर्म आवळू नका.

७. विंडोजमध्ये तीन आकडे

विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबा, 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट'वर राहिलं तर दोन्हीकडे तेच दिसतं आणि दुसरा मॉनिटर घेतल्याचा उपयोग शून्य.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. वर १ आणि २ असे चौकोन दिसतात. ते टेबलावर जसे आहेत तसे माऊसने ओढून लावा, नाहीतर माऊस उजवीकडे नेल्यावर डावीकडून उगवतो. आता प्रत्येक चौकोन निवडून:

रिझोल्यूशन ३८४० गुणिले २१६० आहे का?

स्केल किती? २७ इंची फोर-केला विंडोज बहुधा १५० टक्के सुचवतं. ते ठेवा. १०० टक्के केलं तर मेनूतली अक्षरं मुंगीएवढी होतात. 'मग फोर-केचा फायदा काय' असं मलाही वाटलं होतं. फायदा असा की अक्षर तेवढंच राहतं, पण ते काढायला जास्त ठिपके मिळतात. माझ्या जुन्या मॉनिटरवर इंचाला ९२ ठिपके होते, यावर १६३ आहेत. पूर्वी 'र्क'चा रफार म्हणजे एक राखाडी डाग असायचा, आता त्याचा बाक दिसतो. 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक पान मोठं न करता पकडता येतो. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

आणि हर्ट्झ. खाली 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जा. तिथे ६० किंवा ५९.९ काहीतरी दिसायला हवं. ३० असेल तर यादीतून ६० निवडा. यादीतच नसेल तर वरच्या पायऱ्यांवर परत जा: केबल, मॉनिटरचा मेनू, कार्डाचं पोर्ट, याच क्रमाने. कार्डाचं ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या कंपनीच्या साइटवरून ताजं घातलेलं असू द्या.

डिस्प्लेपोर्टची एक खोड सांगून ठेवते. मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोजला अनेकदा तो उपटूनच काढल्यासारखा वाटतो आणि त्यावरच्या सगळ्या खिडक्या दुसऱ्यावर उड्या मारतात. 'मल्टिपल डिस्प्लेज'खाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची खूण आहे, ती करून टाका.

८. चित्र आलं, पण रंग बिघडले

मी मुद्रितशोधनाच्या खुणा लाल रंगात करते. एका संध्याकाळी उत्साहाच्या भरात एचडीएमआयवाल्या मॉनिटरला एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त ठळक दाखवणारी सोय) चालू केलं, खोक्यावर एवढं मोठं लिहिलंय म्हणून. दुसऱ्या दिवशी लाल अक्षरांच्या कडा पसरलेल्या, ओल्या शाईसारख्या. काळी अक्षरं मात्र ठीक.

परत तेच गणित. एचडीआरला प्रत्येक ठिपक्याला २४ऐवजी ३० बिट लागतात. तेवढं एचडीएमआय २.०च्या १४.४ गिगाबिटमध्ये ६० हर्ट्झला मावत नाही. मग कार्ड काटकसर करतं: उजेडाची माहिती पूर्ण पाठवतं, रंगाची निम्मी. सिनेमात कळत नाही, बारीक लाल अक्षरात लगेच कळतं. 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये 'कलर फॉरमॅट' समोर आरजीबी लिहिलेलं हवं. वायसीबीसीआर आणि पुढे ४२२ किंवा ४२० दिसलं तर समजा काटकसर चालू आहे. कामाच्या मॉनिटरवर एचडीआर बंद ठेवा.

दुसरं दुखणं म्हणजे काळा रंग राखाडी दिसणं. कार्डाला समोर टीव्ही आहे असं वाटतं आणि ते ० ते २५५ऐवजी १६ ते २३५ एवढेच रंग पाठवतं. एन्व्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' आहे, ती 'फुल' करा. एएमडीमध्ये 'पिक्सेल फॉरमॅट'मध्ये 'फुल आरजीबी' निवडा.

दोन मॉनिटर एकाच दिवशी, एकाच मॉडेलचे घेतले तरी पांढरा रंग तंतोतंत सारखा नसतो. एक जरा पिवळट निघाला. दोन्ही एसआरजीबी (रंगांचं नेहमीचं प्रमाण) मोडवर टाकून उजेड डोळ्यांनी जुळवला आणि सोडून दिलं. छपाईचे रंग शेवटी प्रूफवरच बघायचे असतात.

९. जुनी सॉफ्टवेअर

मराठी डीटीपीत वीस वर्षांपूर्वीची सॉफ्टवेअर अजून चालतात, जुन्या फॉन्टांतल्या फायली उघडायला ती लागतातच. १५० टक्के स्केलवर त्यांची अक्षरं धुरकट दिसतात किंवा बटणं तरी तीळाएवढी होतात. मॉनिटर खराब नाही, त्या प्रोग्रॅमला फोर-के माहीतच नाही.

त्याच्या आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खालच्या 'ओव्हरराइड'वर खूण करून 'सिस्टिम (एनहान्स्ड)' निवडा. जमलं नाही तर 'ॲप्लिकेशन' किंवा 'सिस्टिम' करून बघा. माझ्या दोनपैकी एका प्रोग्रॅमला पहिलं लागू पडलं. दुसऱ्याला काहीच लागू पडलं नाही, म्हणून तो मी जुन्या २४ इंची मॉनिटरवर, जुन्या लॅपटॉपला जोडून चालवते.

१०. पडदा काळाच राहिला तर

- मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का? दोन एचडीएमआय असले की हमखास चुकतं.
- केबल खालच्या पट्टीवर, कार्डालाच आहे ना?
- विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' एकत्र दाबा. पडदा क्षणभर लुकलुकून ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.
- फक्त एकच मॉनिटर लावून बघा. मग तीच केबल दुसऱ्या मॉनिटरला. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी तीन बदलायचे आणि मग कशाने झालं तेच कळायचं नाही.
- एन्व्हिडियाचं जीटीएक्स ९०० किंवा १००० मालिकेतलं कार्ड, डिस्प्लेपोर्टवर नवा मॉनिटर, आणि विंडोज येईपर्यंत काहीच दिसत नाही, अशी तक्रार असेल तर त्यासाठी एन्व्हिडियाने २०१८ मध्ये फर्मवेअर दुरुस्तीचा छोटा प्रोग्रॅम दिला होता. तो चालवताना मॉनिटर एचडीएमआयवर लावा.
- मॉनिटर बंद करून स्विचही बंद करा, मिनिटभर थांबा, मग चालू करा. डिस्प्लेपोर्टवर झोपलेला मॉनिटर कधी कधी एवढ्यानेच उठतो.

सगळं लागलं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून पेनने लिहा: '१ डावा', '२ उजवा'. सहा महिन्यांनी टेबल हलवताना उपयोगी पडतं. तपकीर गल्लीतली ती सोनेरी अक्षरांची केबल माझ्या खणात आहे. तिच्यावरही पट्टी लावली आहे, '३०' लिहून, म्हणजे भाचा दिवाळीला आला की परत तीच काढून लावायचा नाही.